चौघांचा संसार (लेखांक ९)

एलेना फेरान्तेच्या नेपल्स कादंबरीमालेच्या चौथ्या खंडाकडे या आठवड्यात वळायचं कबूल केलं होतं, ते आता पुढच्या खेपेला. मागच्या लेखात टेसा हॅडलीच्या ‘लेट इन द डे’ (२०१९) या कादंबरीचा ओझरता उल्लेख आला, आणि त्यावर एका वाचकाने दोन ओळींत खोचक सवाल केला आहे. नवऱ्याने बायकोच्या मैत्रिणीशी सूत जुळवलं, एवढीच तर गोष्ट. मग तिला ‘मैत्रीची कादंबरी’ कशासाठी म्हणायचं? सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय या लेखमालेचं पुढचं पाऊल टाकता येणार नाही, कारण आपण आतापर्यंत पाहिलेल्या बहुतेक कादंबऱ्यांवर हा आक्षेप घेता येतो. वरवर पाहता त्या सगळ्या व्यभिचाराच्याच गोष्टी आहेत.

तर आधी हॅडलीची चौकडी. ख्रिस्तीन आणि लिडिया शाळेपासूनच्या मैत्रिणी. अ‍ॅलेक्स आणि झॅकरी तसेच जुने मित्र. ख्रिस्तीन अ‍ॅलेक्सची बायको, लिडिया झॅकरीची. लंडनमध्ये या दोन घरांचं तीस वर्षं एकमेकांशिवाय पान हललेलं नाही. कादंबरी उघडते ती फोनच्या घंटीने. उन्हाळ्यातली संध्याकाळ, ख्रिस्तीन आणि अ‍ॅलेक्स घरात गाणं ऐकत बसलेत, आणि लिडिया फोनवर सांगते की झॅकरी गेला. चित्रांची गॅलरी चालवणारा, चौघांत सर्वांत दिलदार, सगळ्यांना बांधून ठेवणारा माणूस कामाच्या ठिकाणीच कोसळला. लिडिया मैत्रिणीच्या घरी राहायला येते आणि यथावकाश अ‍ॅलेक्स तिचा होतो. पण हॅडली मधूनमधून मागे जाते, आणि तिथे कळतं की तरुणपणी जोड्या उलट्या होत्या. लिडिया अ‍ॅलेक्ससाठी वेडी झाली होती आणि ख्रिस्तीन झॅकरीबरोबर फिरत होती. म्हणजे लिडिया कुठून उपटसुंभासारखी आलेली नाही. ती या संसाराच्या पायाभरणीलाच हजर होती.

हाच फरक मला मुद्द्याचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातली व्यभिचाराची कादंबरी आठवून पाहा. एम्मा बोवारीचा रोदोल्फ किंवा अ‍ॅनाचा व्रॉन्स्की बाहेरून येतो. तो येईपर्यंत त्या घराशी त्याचा संबंध नसतो, आणि घराला त्याची भीती वाटते ती परका म्हणूनच. शिवाय त्या कथानकाला चालवणारं इंजिन कायद्याचं आणि समाजाचं होतं. घटस्फोट जवळजवळ अशक्य, मूल बापाकडे राहणार, बाईला दारं बंद. इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्याने न्यायालयातून घटस्फोटाची वाट उघडली खरी, पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरेसं होतं आणि बायकोला त्याच्या व्यभिचारावर आणखी काहीतरी, क्रौर्य किंवा घर सोडून जाणं, सिद्ध करावं लागे. १९६९ च्या सुधारणेनंतर, ती १९७१ पासून लागू झाली, घटस्फोटाची कोंडी बरीचशी सुटली. २०२२ पासून तर कुणावर दोष ठेवण्याचीही गरज उरली नाही. माणसांच्या दृष्टीने चांगलंच झालं, पण कादंबरीकाराचं इंजिन गेलं. अ‍ॅलेक्सने ख्रिस्तीनला सोडलं तर लंडनमध्ये कुणी त्याला वाळीत टाकणार नाही. मग अडतं कुठे? अडतं ते मैत्रीत. नवऱ्याने दगा दिला तर बाई ज्या मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडली असती, तीच मैत्रीण आता दुसऱ्या बाजूला आहे. आणि दोघांना चार शब्द सुनावू शकणारा एकमेव माणूस मेलेला आहे. ख्रिस्तीनचं नुकसान मोजायचं तर नवरा हा त्यातला एक आकडा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा नव्हे.

इथे वाचक म्हणेल, हे तुम्ही हॅडलीवर लादता आहात. म्हणून दुसरा दाखला घेतो, नाटकातला. हॅरॉल्ड पिंटरचं ‘बिट्रेयल’ १९७८ मध्ये रंगमंचावर आलं. रॉबर्ट प्रकाशक, जेरी लेखकांचा एजंट, दोघे जिवलग. रॉबर्टच्या लग्नात वराचा पाठीराखा म्हणून उभा राहिला तो जेरीच. जेरी आणि रॉबर्टची बायको एमा यांचं सात वर्षं प्रकरण चालतं, त्यासाठी भाड्याची जागाही घेतलेली असते. नाटक उलटं चालतं, शेवटाकडून सुरुवातीकडे. त्यामुळे ‘कळेल का’ ही उत्कंठा पिंटरने पहिल्याच झटक्यात मारून टाकली आहे. दुसऱ्या प्रवेशात जेरी कबुली द्यायला रॉबर्टला घरी बोलावतो आणि त्याला कळतं की रॉबर्टला हे चार वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. आता गंमत पाहा: दुखावला जातो तो जेरी! मित्राची बायको पळवणारा माणूस, मित्राने आपल्याला काही सांगितलं नाही म्हणून कासावीस होतो. या चार वर्षांत दोघे बरोबर जेवत होते, धंद्याचं बोलत होते. पुढे, म्हणजे काळाच्या हिशेबाने मागे, एक रेस्टॉरंटमधला प्रवेश आहे. रॉबर्टला व्हेनिसमध्ये नुकतंच सगळं कळलेलं आहे आणि तो जेरीसमोर बसला आहे. तो दारू ढोसतो, वेटरवर खेकसतो, आणि राग काढतो कशावर, तर कादंबऱ्यांवर. जेरीला काही उमगत नाही. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं. हा प्रवेश एमाविषयी आहे असं मला कधीच वाटलं नाही. रॉबर्ट मित्राला परत मिळवायचा मार्ग शोधतो आहे, आणि मार्ग एकच उरला आहे: न बोलणं.

आता उलट बाजूचा पुरावा. माझा मुद्दा खरा असेल तर व्यभिचार अजिबात नसतानाही अशी कादंबरी उभी राहायला हवी. ती उभी आहे, अमेरिकेत. वॉलेस स्टेग्नरच्या ‘क्रॉसिंग टू सेफ्टी’त (१९८७) मॉर्गन आणि लँग ही दोन जोडपी १९३७ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या विद्यापीठात भेटतात आणि पुढली जवळजवळ पस्तीस वर्षं एकमेकांना धरून राहतात. कुणी कुणाच्या बायकोकडे वाकड्या नजरेने पाहत नाही, खून नाही, पैशांची भांडणं नाहीत. तरी पुस्तक हातातून सुटत नाही, याचं कारण सिड आणि चॅरिटी लँग यांचा संसार. सिडला कवी व्हायचं आहे, चॅरिटीला तो बढत्या घेणारा प्राध्यापक हवा आहे. व्हरमाँटच्या डोंगरांतल्या भटकंतीचा प्रसंग घ्या. घोड्यावर सगळं सामान दोराने करकचून बांधून झालं आहे, निघायची वेळ झाली, आणि चॅरिटी विचारते, चहा घेतला का? सिड म्हणतो, घेतला. चॅरिटीचा भटकंतीच्या मार्गदर्शक पुस्तकावर भरवसा, आणि पुस्तकात लिहिलं आहे की खात्री करून घ्या. सगळं ओझं पुन्हा उतरवलं जातं, चहाच्या पुडक्यासाठी. मॉर्गन नवरा-बायको बाजूला उभे राहून बघतात. त्यांनी तोंड उघडलं तर आगीत तेल, गप्प राहिले तर सिडचा अपमान त्यांच्या साक्षीने झाला. घरात दोघंच असताना हा चहा विसरला गेला असता. जुन्या मित्रांसमोर घडला म्हणून तो कायमचा नोंदला गेला. स्टेग्नरने ही नोंद ठेवण्याचं काम लॅरी मॉर्गनला दिलं, त्यालाच निवेदक केलं, हे उगीच नव्हे.

माझं म्हणणं आता नीट मांडता येईल. दीर्घ मैत्री असलेल्या जोडप्यांत मित्र हा साक्षीदार असतो, आणि संसार या साक्षीवर उभा असतो. नवरा पंचविशीत कसा होता, त्याने काय व्हायचं ठरवलं होतं, हे बायकोखेरीज आणखी कुणाला तरी ठाऊक असणं, याचा दोघांनाही आधार असतो आणि जाचही. साक्षीदार मेला, उलटला किंवा त्याने तोंड फिरवलं की संसाराची बाजू लंगडी पडते. या गोष्टींतला व्यभिचार म्हणजे बहुतेक वेळा साक्षीदार उलटण्याची एक तऱ्हा. मराठी कादंबरीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या सासू, जाऊ, नणंद यांच्याकडे होतं, म्हणून आपल्याकडे मित्र दिवाणखान्यातच राहिला, माजघरात पोचला नाही. आता कुटुंबं आकसल्यावर तो पोचतो आहे.

एक आक्षेप मात्र पूर्ण टोलवता येत नाही. ही सगळी मंडळी खाऊनपिऊन सुखी आहेत. गॅलऱ्या, प्रकाशनसंस्था, व्हरमाँटची उन्हाळी घरं. तीस वर्षं मैत्री जपायला सवड लागते, आणि सवड विकत घ्यावी लागते. हॅडलीच्या पुस्तकात पैशांची चिंता फारशी कुणाला नाही, हे मलाही खटकतं. झॅकरीचा दिलदारपणा त्याच्या ऐपतीवर उभा आहे, आणि लेखिका तो मुद्दा अलगद ओलांडून जाते. स्टेग्नर जास्त प्रामाणिक आहे. लँग श्रीमंत, मॉर्गन फाटके, आणि लॅरीची बायको सॅली हिला पोलिओ होतो तेव्हा लँग मंडळीच त्यांना उचलून धरतात. मग मित्राच्या उपकाराखाली असलेला साक्षीदार कितपत खरं बोलेल, ही शंका लॅरीच्या निवेदनाला शेवटपर्यंत चिकटून राहते. पण वर्गाचा आक्षेप माझा मुद्दा खोडत नाही, हे दाखवायला फेरान्ते पुरेशी आहे. नेपल्समधली ती वस्ती, मोच्याचं दुकान, मारहाण, कर्ज, आणि तिथेही तेच. निवेदिका एलेना तिसऱ्या खंडाच्या शेवटी नवरा पिएत्रो आणि मुली मागे ठेवून नीनोबरोबर निघते. हाच नीनो इस्कियाच्या उन्हाळ्यात तिच्या जिवलग मैत्रिणीचा, लीलाचा होता. पिएत्रो काय म्हणेल याची एलेनाला धास्ती आहेच, पण लीला काय म्हणेल, हे तिच्या मनात जास्त खोल रुतलेलं आहे. आणि लीला फोनवर तिला अक्षरशः झोडपते.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला माझं उत्तर असं: ख्रिस्तीनच्या गोष्टीतून लिडियाशी असलेली शाळेपासूनची मैत्री काढून टाका आणि तिच्या जागी ऑफिसातली कुणी तरुणी ठेवा. पुस्तक पन्नास पानांत आटपेल, आणि ते कुणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.

चौथ्या खंडात एलेना पुन्हा त्याच वस्तीत, लीलाच्या वरच्या मजल्यावर राहायला जाते. पुढच्या आठवड्यात त्या जिन्यापासून सुरुवात करू. ज्यांचा तिसरा खंड अजून अर्धवट आहे, त्यांनी तो तोवर संपवून ठेवावा.