गच्चीवरचा सूर्य आणि घरातला अंधार

घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसविले की विजेच्या बाबतीत घर स्वयंपूर्ण झाले आणि बाहेरचा पुरवठा खंडित झाला तरी आपले दिवे जळत राहतील, अशी समजूत मध्यमवर्गात चांगलीच रुजली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये असे अनुदान ठरविण्यात आले. योजना स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. समजूत मात्र चुकीची आहे. आणि ती वेळीच दुरुस्त झाली नाही, तर पैसे खर्चूनही ऐन वेळी अंधारात बसण्याची पाळी अनेकांवर येईल.

वस्तुस्थिती अशी की, घरांवर सर्रास बसविली जाणारी सौर यंत्रणा वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडलेली असते. बाहेरचा पुरवठा बंद पडताच तिचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो; मग माथ्यावर भर दुपारचे ऊन का असेना! हा यंत्रातील दोष नव्हे, ती हेतुपुरस्सर केलेली तरतूद आहे. वाहिनी बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातातील तारेत एखाद्या गच्चीवरून वीज येत राहिली, तर ते त्याच्या जिवावर बेतेल. पुरवठा नसताना घर उजळायचे तर बॅटरी असलेली आणि तेवढा वेळ घराला बाहेरच्या वाहिनीपासून अलग करणारी यंत्रणा लागते. तिचा खर्च निराळा आहे.

‘स्वयंपूर्णता’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा लागेल. एक किलोवॉटची यंत्रणा महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देते. पावसाळ्यात त्यात बरीच घट होते. वीज निर्माण होते दिवसा आणि घराला तिची मोठी गरज पडते संध्याकाळनंतर. हे अंतर भरून काढते ते जाळेच. दिवसाची शिल्लक वीज त्यात जमा करायची, रात्री हवी तेवढी उचलायची आणि नेट मीटरवर हिशेब मिटवायचा, असा हा व्यवहार आहे. असे घर स्वयंपूर्ण नसते. ते एका मोठ्या पतपेढीचे सभासद असते. पेढीचे दारच बंद झाले, तर खात्यावरील शिल्लक त्या रात्री कामास येत नाही. तात्पर्य, बिलातील बचत ही एक गोष्ट आणि अंधारासाठी सज्जता ही दुसरी. दोहोंसाठी एकच पैसा खर्च झाला, असे मानणे फसवे ठरते.

सज्जतेचा आरंभ खरेदीने नव्हे, मोजणीने व्हावयास हवा. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. मार्गातील घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य जमेस धरता हाती उरते ते सुमारे एक युनिट. जुन्या पद्धतीचे ७५ वॉटचे दोन पंखे आणि ४० वॉटच्या दोन ट्यूब चालविल्या, तर ते जेमतेम सव्वाचार तास पुरते. त्यांच्या जागी ३० वॉटचे दोन नवे पंखे आणि २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब आल्या, की तीच बॅटरी दहा तास साथ देते. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी पंखा बदलणे शहाणपणाचे. त्याचा लाभ वीज असतानाही प्रत्येक बिलात मिळतो, हे वेगळेच.

यातील काही पथ्ये तर बिनखर्चाची आहेत. दार न उघडल्यास फ्रिजमधील गारवा सुमारे चार तास टिकतो. वीज गेल्यावर नाजूक उपकरणांची बटणे बंद ठेवली, तर पुरवठा परतताना येणाऱ्या झटक्यापासून ती वाचतात. पाण्याच्या बॅटरीची पातळी पाहणे आणि तिच्याभोवती हवा खेळती ठेवणे आवश्यक आहे. जनरेटर घरात किंवा बंद बाल्कनीत कदापि चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणूनच तो अधिक घातक.

काही तासांचा अंधार आणि काही आठवड्यांचा अंधार यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अखंड विजेबद्दल ख्यातनाम असलेल्या मुंबईतही लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पण पुरवठा त्याच दिवशी टप्प्याटप्प्याने परतू लागला. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत खांब कोसळले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. अशा वेळी दिव्यापेक्षा पाण्याचा पंप आणि मोबाइलचा मनोरा अधिक मोलाचा ठरतो, आणि हे दोन्ही कोणा एका घराच्या बॅटरीवर चालत नाहीत. तेथे गावाची पाणीयोजना, शाळा आणि आरोग्य केंद्र यांवर बॅटरीसह सौर यंत्रणा असणे हीच खरी सज्जता होय.

येथेच प्रश्नाची सामाजिक बाजू पुढे येते. घरोघरचा इन्व्हर्टर हा बेभरवशाच्या पुरवठ्यावर नागरिकाने निमूटपणे भरलेला एक करच आहे. ज्याला तो परवडतो, त्याची तक्रार थांबते. ज्याला परवडत नाही, त्याची तक्रार ऐकली जात नाही. भाडेकरूला गच्ची नसते आणि चाळीतील बिऱ्हाडाला बॅटरी ठेवण्यास जागा नसते. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी सूर्यघर योजनेत प्रति किलोवॉट १८ हजार रुपयांची तरतूद आहे. तिचा विचार संस्थांच्या सभेत आवर्जून व्हावा. सन २००६ मध्ये, राज्यभर भारनियमन चालू असताना, पुण्यातील उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवून शहरासाठी वीज मोकळी केली आणि अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी त्याचा वाढीव भार उचलला. तो उपाय महाग होता, तात्पुरताही होता. पण एकत्र येऊन अंधार टाळता येतो, हे त्याने दाखवून दिले.

पुरवठा ठरलेल्या मुदतीत पूर्ववत न झाल्यास भरपाई मागण्याचा हक्क विद्युत कायदा, २००३ आणि त्याखालील कृतिमानकांनी ग्राहकाला दिला आहे. तो बजावणे हाही सज्जतेचाच भाग मानला पाहिजे. गच्चीवर पॅनेल अवश्य बसवावे, बॅटरीही आपल्या गरजेच्या मापाने घ्यावी. पण दारासमोरच्या खांबावरील नजर काढून घेऊ नये. स्वतःच्या घरापुरता दिवा लावून गल्लीतील अंधाराकडे पाठ फिरविणारा समाज विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण होत नाही. तो केवळ विभागला जातो.