खत पाण्याला नको, चिखलाला द्या

रोहू-कटल्याच्या शेततळ्यात शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतात. मग तेच खत अक्कलकुव्यातल्या एखाद्या अंगणात, माशांच्या हौदात वाढणाऱ्या कुमुदिनीला का चालू नये?

कारण शेततळ्यात पाणी हिरवं व्हायलाच हवं असतं. खतावर सूक्ष्म शेवाळ वाढतं, त्यावर प्राणिप्लवक पोसतात आणि त्यांवर मासे. त्यासाठी एकटं स्फुरद काय करू शकतं, हे शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये कॅनडात दाखवलं. ओंटारियोतल्या 226 क्रमांकाच्या तलावाचे त्यांनी पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नत्र दोन्हींकडे घातलं, स्फुरद मात्र एकीकडेच. तोच भाग हिरवागार झाला! धुण्याच्या पावडरीतलं स्फुरद निर्दोष आहे असं सांगणाऱ्या उद्योगाला त्या तलावाचं हवाई छायाचित्र फार जड गेलं.

अंगणातल्या लहानशा हौदात हीच हिरवाई माशांच्या जिवावर बेतते. रात्रभर शेवाळही श्वसन करतं. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळलेला असतो, त्यामुळे पहाटे मासे तोंड वर काढू लागतात. युरियाचा धोका आणखी वेगळा. त्यातून अमोनिया तयार होतो. पाण्याचा सामू 7 असेल तर त्यातला शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. भर दुपारी शेवाळामुळे सामू 9 वर गेला, की एक तृतीयांशाहून जास्त भाग विषारी होतो. शिवाय मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतच असतात. नत्राचा रतीब फुकट चालू आहे!

कुमुदिनी जेवते ती मुळांनी, प्राणवायू नसलेल्या चिखलात. तिथे मुळं गुदमरत कशी नाहीत? तिच्याच कुळातल्या पिवळ्या फुलाच्या न्यूफरवर शास्त्रज्ञ जॉन डेसी यांनी 1980 मध्ये याचं उत्तर दिलं. कोवळी पानं उन्हाने तापली की त्यांच्यातला दाब वाढतो. हवा देठातून खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. एका पानातून दिवसाला 22 लिटरपर्यंत हवा, तीही एकही हलता भाग नसताना!

म्हणून खत कंदाजवळच पोचवावं. पसरट कुंडीत खानदेशची चिकण काळी माती भरा. ती अमोनियम आणि स्फुरद धरून ठेवते. थोडं मिश्रखत कागदाच्या पुडीत बांधून खोल खुपसा, वर माती दाबा आणि जाड वाळूचा थर द्या, म्हणजे मासे उकरणार नाहीत. कच्चं शेण टाळा. मिश्रखतही नवी पानं लहान, पिवळट निघू लागली आणि फुलं कमी झाली तरच द्या. पाण्यात ओतायच्या द्रव खताच्या बाटलीवर काहीही छापलेलं असो, माशांच्या हौदासाठी ती घेऊ नका.