बाहुलीच्या घरची दिवाळी

दीपोत्सवाच्या पर्वात तुळशीवृंदावनापासून गोठ्यापर्यंत सर्वत्र पणती ठेवण्याची आपली रीत आहे. गेल्या वर्षी वसुबारसेच्या सायंकाळी आमची सात वर्षांची नात फुरंगटून म्हणाली, "आबा, सगळीकडे दिवे लागले. माझ्या बाहुलीच्याच घरी अंधार का?" नारदांच्या गादीवर उभे राहून आम्ही चाळीस वर्षे श्रोत्यांच्या शंका फेडल्या, येथे मात्र उत्तर सुचेना.

बाहुलीचा खेळ क्षुल्लक मानू नये. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदासाने साक्षात पार्वतीला मंदाकिनीच्या वाळूत चेंडू आणि बाहुल्या घेऊन खेळविले आहे.

एक पणती आत ठेवावी, असे घरातून सुचविले गेले. आम्ही ते ऐकले नाही. आमच्या बालपणी आतेबहिणीच्या पुठ्ठ्याच्या घरात अशीच पणती ठेवली होती. चिंधीच्या पडद्याने पेट घेतला आणि विझवू जाता तिच्या परकराचा काठ जळाला. हात थोडक्यात वाचला. ती ज्वाळा आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

मग जुन्या रोषणाईच्या माळेतील चार दिवे कापून आत बसवावे, असे आम्ही योजिले. कात्री हाती घेतली, तोच शेजारचा वायरमन आला. तो म्हणाला, "बुवा, दिवा सहा व्होल्टचा असला तरी तार २३० व्होल्टची आहे!" त्याने उकल केली ती अशी. अशा माळेत सुमारे चाळीस दिवे एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच दाब येतो. चारच दिवे तोडून भिंतीतील प्लगला लावले, तर सारा दाब त्या चौघांवर पडून ते तत्काळ जळतात. आणि सोललेल्या तारेला बालकाचा हात लागला तर प्राणावर बेतते. आजच्या एल.ई.डी. माळांतही थेट प्लगला लागणाऱ्या पुष्कळ असतात. व्याकरण शिकविणाऱ्या आम्हांस हे ठाऊक नव्हते, हे कबूल केलेले बरे.

अखेर बेत ठरला तो पेन्सिल सेलचा. दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक ठेवले की साडेचार व्होल्ट होतात. पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यास सुमारे तीन पुरतात. उरलेला भार सोसण्यासाठी प्रत्येक दिव्यामागे शंभर ओहमचा एक रोधक जोडला. दिव्याचा लांब पाय धन टोकाकडे हवा. उलट जोडल्यास तो मुळीच उजळत नाही. तिन्ही दिवे समांतर जोडल्यामुळे एक विझला तरी दोन तेवत राहतात. इतक्या अल्प प्रवाहावर ते जवळजवळ तापतच नाहीत, त्यामुळे चिंधीच्या पडद्याचेही भय नाही. सेलची डबी घराच्या पाठीमागे स्क्रूने बंद केली. बटणासारखे चपटे सेल मात्र आम्ही घरात येऊ दिले नाहीत. लहान मूल ते गिळते आणि अन्ननलिका आतून भाजून निघते.

दिवे कोठे बसवावे, येथे मात्र आमचे शास्त्र उपयोगी पडले. उंबरठ्यावरचा दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो, यास ‘देहलीदीपन्याय’ म्हणतात. एकाच शब्दाचा अन्वय मागे व पुढे लागतो, तेव्हा पंडित तो सांगतात. त्यानुसार एक दिवा ओटी आणि माजघर यांमधील चौकटीत बसविला. दोन्ही खोल्या उजळल्या. उरलेले दोन स्वयंपाकघरात आणि माडीवर गेले.

हा हौसेचा प्रकार केवळ आमचाच नव्हे. नव्या दिल्लीच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेल्या लटियन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एका फुटास एक इंच या प्रमाणात बाहुलीघर रचले. १९२४ साली पुरे झालेल्या त्या घरात विजेचे दिवे आणि नळाचे पाणीसुद्धा आहे. ते आजही विंडसरच्या राजवाड्यात पाहावयास मिळते.

देवापुढे तेलातुपाचाच दिवा हवा, हा आमचा आग्रह कायम आहे. म्हणून नरक चतुर्दशीच्या पहाटे समई देवघरात, पणती दाराबाहेर आणि तो इवला खटका नातीच्या बोटाशी, अशी वाटणी झाली. उजेड पडताच तिने बाहुलीला ओटीवर बसविले, आजीकडून तेलाचे बोट मागून आणले आणि बाहुलीच्या केसांना लावले. रात्री मात्र आम्ही जपास बसलो असता ती तक्रार घेऊन आली, "आबा, माडीवरचा दिवा बाहुलीच्या डोळ्यांवर येतो." दुसऱ्या दिवशी वायरमनला पुन्हा बोलवावे लागले.