यंत्र चालतं, पण कागद पुरतो का? पेटंटच्या अपिलात वर्णनावरून होणारे वाद

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मुलामुलींशी पेटंटवर बोलताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमची कल्पना नवीन आहे की नाही, हे कसं कळणार?" प्रश्न योग्यच आहे. पण यंत्रांच्या पेटंटवरून झालेली अपिलं वाचायला घेतली की आणखी एक प्रश्न तितकाच जड निघतो. अर्ज दाखल केला त्या दिवशी कागदावर नेमकं काय लिहिलं होतं? आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आधी एक गावाकडचं उदाहरण

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. आजूबाजूला ऊस आणि उसाला ठिबक. तोडणीच्या वेळी ठिबकच्या नळ्या गोळा करून गुंडाळणं हे कंटाळवाणं काम असतं. समजा, एका फॅब्रिकेशनवाल्याने नळ्या गुंडाळायचं साधं यंत्र बनवलं: एक ड्रम, फिरवायला हँडल, आणि नळीचं टोक पकडायला ड्रमच्या आतल्या कडेवर स्प्रिंगचा चिमटा. चिमटा आत असल्यामुळे तयार झालेलं भेंडोळं न अडकता बाहेर निघतं. त्याने पेटंटचा अर्ज केला. वर्णनात लिहिलं, "चिमटा आतल्या कडेवरच असला पाहिजे." आकृतीतही तसंच दाखवलं.

दोन वर्षांनी दौंडच्या बाजूला कोणीतरी तसंच यंत्र विकायला लागलं. फक्त चिमटा मधल्या दांड्यावर. आता आपला फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "कल्पना माझीच आहे. चिमटा कुठेही लावा, काय फरक पडतो?" आणि त्याला आपला दावा "नळी पकडणारा कोणताही भाग, कुठेही" असा वाचून हवा आहे.

हे त्याला मिळेल का? बहुतेक नाही. का नाही, ते समजलं की या विषयाचा गाभा समजला.

वर्णन आणि क्लेम

पेटंटच्या स्पेसिफिकेशनचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग वर्णनाचा: यंत्र काय आहे, कसं चालतं, कसं बनवायचं, सोबत आकृत्या. शेवटी येतात क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगतोय त्याची वाक्यं.

मी हे असं लक्षात ठेवते: क्लेम म्हणजे कुंपण, वर्णन म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर जेवढं क्षेत्र आहे त्याच्या पलीकडे कुंपण सरकवलं की भांडण ठरलेलं. तुलना ढोबळ आहे, पण उपयोगी पडते.

आपल्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या कायद्यात, हे तीन ठिकाणी विभागून आलं आहे. कलम १०(४) सांगतं की शोधाचं आणि तो अमलात आणायच्या पद्धतीचं पूर्ण वर्णन द्या, आणि तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धत उघड करा. कलम १०(५) सांगतं की क्लेम स्पष्ट, थोडक्यात आणि वर्णनात उघड केलेल्या मजकुरावर रास्तपणे आधारलेले हवेत. कलम ५९ दुरुस्तीवर लगाम घालतं. मूळ कागदात नव्हतं ते नंतर घालता येत नाही, आणि दुरुस्त केलेला क्लेम आधीच्या क्लेमच्या हद्दीतच राहिला पाहिजे. म्हणजे कुंपण आत घेता येतं, बाहेर ढकलता येत नाही. आपल्या फॅब्रिकेशनवाल्याची वाट इथेच बंद होते.

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. कार्यालयाने अर्ज नाकारला तर कलम ११७अ खाली तीन महिन्यांत अपील करता येतं. पूर्वी ही अपिलं बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळ रद्द झालं आणि अपिलं उच्च न्यायालयांकडे आली. अपिलात नवीन यंत्र आणून दाखवून उपयोग नसतो. वाद मूळ कागदावरच होतो.

सोफ्याचा खटला

या प्रकारच्या वादाचं यंत्रांमधलं सगळ्यात सोपं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जेंट्री गॅलरी विरुद्ध बर्कलाइन, १९९८. वस्तू काय, तर सोफा. मागे रेलता येणाऱ्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी, मध्ये एक पक्का कन्सोल, आणि त्या कन्सोलवर दोन्ही खुर्च्यांची बटणं.

वर्णनात बटणांची जागा म्हणून फक्त कन्सोलच होता. काही क्लेममध्ये मात्र जागेची अट नव्हती. बटणं सोफ्याच्या त्या भागावर कुठेही असली तरी चालतील, असा त्यांचा अर्थ होत होता. खालच्या कोर्टाने पेटंट वैध धरलं होतं. अपिलात फेडरल सर्किटने ते क्लेम अवैध ठरवले. कारण सरळ होतं: मूळ वर्णन वाचून कळतं की शोधकर्त्याच्या मते बटणांची जागा कन्सोल हीच होती. त्याने साक्षीतही सांगितलं की स्पर्धक बटणं दुसरीकडे बसवतायत हे कळेपर्यंत त्याने तसा विचारच केला नव्हता.

इथे एक फरक नीट समजून घ्या, मुलाखतीतही विचारला जाऊ शकतो. बटण कन्सोलऐवजी हातावर कसं बसवायचं, हे कोणत्याही सुताराला किंवा मेकॅनिकला जमलं असतं. म्हणजे "वाचून बनवता येईल का" या कसोटीला काही अडचण नव्हती. अडचण दुसऱ्या कसोटीला होती: अर्जाच्या दिवशी एवढा मोठा शोध या माणसाच्या हातात होता, असं कागदावरून दिसतं का? अमेरिकेत या दोन कसोट्या वेगळ्या आहेत, हे २०१० मध्ये एरियाड विरुद्ध इलाय लिली या खटल्यात फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठाने पक्कं केलं. तो खटला जीवशास्त्राचा होता, पण नियम सगळ्या शाखांना लागू आहे. आपल्याकडे असा वेगळ्या नावाचा सिद्धांत नाही. "रास्तपणे आधारलेले" हे कलम १०(५) मधले शब्द त्याच्या सगळ्यात जवळ जातात.

पण एकच उदाहरण दिलं की क्लेम आपोआप तेवढाच राहतो, असा अर्थ काढू नका. नंतरच्या निकालांत हेही स्पष्ट झालं. सोफ्याच्या बाबतीत मजकुरानेच बाकीच्या जागा बंद करून घेतल्या होत्या.

आधी वर्णन, मग क्लेम

भारतात यंत्रांच्या पेटंटवरचा पायाभूत निकाल म्हणजे बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर १९७८ मध्ये दिला. वाद मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा. लेथवर भांडं घासताना ते धरून ठेवायच्या साधनावर पेटंट होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी ते रद्द केलं, खंडपीठाने पुन्हा जिवंत केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने शेवटी रद्दच ठेवलं. ही कारखान्यात सहज होणारी सुधारणा आहे, शोध नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

आपल्या विषयासाठी त्यातली वाचनाची पद्धत महत्त्वाची आहे. न्यायालयाने जुन्या इंग्रजी निकालाचा आधार घेऊन सांगितलं की क्लेम आधी वाचून मग वर्णनाकडे जाऊ नका. आधी वर्णन वाचा, म्हणजे कशावर हक्क सांगितला जाणार आहे त्यासाठी मनाची तयारी होते. आपण विद्यार्थी नेमकं उलटं करतो. पेटंट उघडलं की थेट शेवटच्या पानावर.

पुणे जिल्ह्यातलं इंजिन

आता घराजवळचा खटला. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी चार स्ट्रोकच्या सुधारित इंजिनासाठी अर्ज केला. ७ जुलै २००५ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक १९५९०४. हेच डीटीएस-आय तंत्रज्ञान: ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या लहान सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं मिश्रणही नीट जळतं.

२००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम ही १२५ सीसीची गाडी आणली. तिच्यातही दोन प्लग, पण व्हॉल्व्ह तीन. बजाजचं म्हणणं होतं की शोधाचं सार लहान बोअर आणि दोन प्लग यांत आहे, व्हॉल्व्ह किती याला महत्त्व नाही. टीव्हीएसचं म्हणणं होतं की आमचं तीन व्हॉल्व्हचं इंजिन वेगळं आहे, आणि दोन प्लगची कल्पना तर जुनीच आहे.

मद्रास उच्च न्यायालयात १६ फेब्रुवारी २००८ रोजी एका न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने मनाईहुकूम दिला. १८ मे २००९ रोजी अपिलात खंडपीठाने तो उठवला. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ रोजी टीव्हीएसला हिशेब ठेवून विक्री चालू ठेवू दिली आणि मूळ खटला लवकर संपवायला सांगितलं. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

तांत्रिकदृष्ट्या हा वाद उल्लंघनाचा होता, वर्णन अपुरं असल्याचा नव्हता. पण मूळ तेच आहे. तोच कागद, तीच आकृती, आणि दोन पातळ्यांवर दोन वेगळे निष्कर्ष. शोधाचं सार कशात आहे आणि काय बदललं तरी चालेल, हे लिहिणाऱ्याने जितकं मोकळं सोडलं तितकं पुढे वकिलांना भरावं लागलं.

दाखल करण्याची तारीख आणि उत्खननाचा थर

इनामगाव पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे ताम्रपाषाण युगातल्या वस्तीचं उत्खनन केलं आणि १९८८ मध्ये त्याचा मोठा अहवाल काढला. उत्खननात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: थर एकदा खणला की परत खणता येत नाही. त्या दिवशी वहीत नोंदलं नाही ते गेलं. पेटंट दाखल करण्याची तारीख तशीच आहे. त्या दिवसानंतर सुचलेलं खरं असेल, उपयोगीही असेल, पण त्या थरात धरलं जाणार नाही.

तुमच्या वहीत काय असावं

१. प्रत्येक भागापुढे लिहा: हा भाग अत्यावश्यक आहे की एक पर्याय? "असलाच पाहिजे" हे शब्द विचार करून वापरा. आपल्या फॅब्रिकेशनवाल्याला "आतल्या कडेवरच" मधल्या "च"ने अडकवलं.

२. पर्याय अर्जाच्या आधी शोधा. चिमट्याऐवजी चुंबक, स्क्रू, खाच चालेल का? करून पाहा, निदान आकृती काढा. न चालणारे पर्यायही नोंदवा.

३. प्रोव्हिजनल अर्ज म्हणजे नुसती जागा अडवणं नव्हे. पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांत द्यायचं असतं, पण आधीची तारीख फक्त त्याच क्लेमना मिळते ज्यांचा आधार प्रोव्हिजनलमध्ये आहे. दोन पानांत उरकलेल्या प्रोव्हिजनलने दोन पानांपुरतीच तारीख मिळते.

४. आकृतीवर विसंबू नका. आकृती जागा दाखवते, कारण सांगत नाही. चिमटा आत का, हे वाक्यातच लिहावं लागतं. ते कारण लिहिलं असतं, म्हणजे "भेंडोळं न अडकता निघावं म्हणून", तर त्याच कामाच्या दुसऱ्या जागाही त्याला तेव्हाच सुचल्या असत्या.

५. उलट टोकही टाळा. वर्णन एका यंत्राचं आणि क्लेम जगभराचा, हे अपिलात टिकत नाही.

गाईडकडे मसुदा नेण्याआधी एक छोटी परीक्षा करा. क्लेम झाकून ठेवा आणि मित्राला फक्त वर्णन वाचायला द्या. मग त्याला विचारा, "हा माणूस कशावर हक्क सांगणार असं तुला वाटतं?" त्याचं उत्तर तुमच्या क्लेमपेक्षा अरुंद आलं, तर क्लेमला हात लावू नका. वर्णन पुन्हा लिहायला बसा, आणि ते अर्ज दाखल करायच्या आधी.