संकेतस्थळावर लिहावे काय?



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी लहानसहान व्यवसाय आहेत. कोणाचा काजूचा, कोणाची खाणावळ, कोणाचे शिवणकाम. हल्ली अशा घरांचीही संकेतस्थळे निघू लागली आहेत आणि त्यांवरील मजकूर लिहिण्याचे काम बहुधा घरातील शिकत्या मुलाकडे येते. तो कसा लिहावा, याविषयी स्वतःच्या एका चुकीवरून चार गोष्टी सांगतो.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची आई दर उन्हाळ्यात कोकमाची आमसुले आणि आगळ तयार करून विकते. त्यांच्या संकेतस्थळाचा मजकूर लिहून देण्याची विनंती त्या मुलीने मला केली. मी साहित्याचा पदवीधर! सह्याद्रीची कूस, सागराची गाज, पूर्वजांचा वारसा असे सारे काही घालून चार परिच्छेद लिहून दिले. वाचणाऱ्यांनी वाहवा केली. मागणी मात्र आली नाही. आले ते प्रश्न. आगळ आणि अमृत कोकम यांत फरक काय? एका पेल्याला आगळ किती घालावे? आमसुलांवरचा पांढरा थर ही बुरशी तर नव्हे? इंदूरला पाठवाल काय?

कोकमाचा हंगाम थोड्या आठवड्यांचा. पावसापूर्वी साली वाळल्या नाहीत तर वर्षाचे श्रम वाया जातात. अशा घाईत ती माउली रसाने माखलेले हात पुसून दूरध्वनीवर तीच उत्तरे पुनःपुन्हा देत होती आणि माझ्या चार परिच्छेदांत त्यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते! मला मनस्वी लाज वाटली.

मग आम्ही दूरध्वनीपाशी एक वही ठेवली आणि महिनाभर गिऱ्हाइकांचा प्रत्येक प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, तीत टिपला. ती वही हाच नव्या मजकुराचा आराखडा ठरला. आता तेथे असे लिहिले आहे : 'आगळ म्हणजे कोकमाच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस. त्यात साखर नाही. अमृत कोकमात साखर असते. आमसुलांवरचा पांढरा थर बहुधा मिठाचा असतो व तो पाण्यात विरघळतो; केसाळ वाढ किंवा कुबट वास आढळल्यास मात्र ती वापरू नयेत.' यात अलंकार एकही नाही; पण वाचणाऱ्याची शंका फिटते.

या अनुभवातून मी जे शिकलो ते असे. पहिले, गिऱ्हाइकाला जे विचारायचे आहे ते आधी सांगावे; आपल्याला जे मिरवायचे आहे ते मागाहून. वजन, किंमत, टपालखर्च, पत्ता आणि माल परत घेण्याच्या अटी शोधाव्या लागू नयेत. विक्रेत्याने ही माहिती द्यावी, असा २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांचाही दंडक आहे.

दुसरे, शब्द गिऱ्हाइकाचे असावेत. आम्ही घरी कोंकणीत ज्यांना 'सोलां' म्हणतो, त्यांना कोणी आमसुले म्हणतो, तर कोणी नुसते कोकम. मनुष्य ज्या नावाने वस्तू शोधतो ते नाव पानावर नसेल, तर त्याला ते पान सापडावे कसे? म्हणून तिन्ही नावे द्यावीत.

तिसरे, सत्याची मर्यादा सोडू नये. 'आमच्या आगळाने अमुक रोग बरा होतो' असे वाक्य लिहिण्याचा मोह मलाही झाला होता. खाद्यपदार्थाविषयी असा दावा करण्यास कायद्याची मनाई आहे. आणि कायदा नसता तरी ज्याची आपल्याला खात्री नाही ते लिहिणे म्हणजे फसवणूकच.

चौथे, मजकूर ताजा ठेवावा. गतवर्षीची किंमत आणि संपलेला माल तसाच झळकत राहिला, तर गिऱ्हाईक पुढच्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही.

ही दृष्टी संकेतस्थळांबरोबर जन्मलेली नव्हे. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे किर्लोस्करवाडीस लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. त्या कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. वाचकाच्या उपयोगी पडणाऱ्या त्या पत्राचेच पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले. साधन बदलले, वाचकाची गरज बदलली नाही.

तेव्हा मित्रहो, घरच्या व्यवसायासाठी लेखणी हाती घ्याल, त्यापूर्वी एक दिवस दुकानात बसा आणि माणसे काय विचारतात ते ऐका. माझे ते चार परिच्छेद आता माझ्या कपाटात आहेत. निबंध तपासावयास बसतो तेव्हा अधूनमधून ते काढून वाचतो आणि मगच तुमच्या वह्यांवर तांबडी शाई उमटवतो.