एका अणूचा फरक

थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. निखारे फुलले की धूरही दिसत नाही. मग भीती कशाची? याचे उत्तर संयुगांच्या धड्यातच आहे.

भेळेत शेव, कांदा, कुरमुरे कमी-जास्त झाले, तरी ती भेळच राहते आणि प्रत्येक जिन्नस आपली चव राखून असतो. हे झाले मिश्रण. संयुगाचे तसे नाही. त्यात मूलद्रव्ये ठराविक प्रमाणातच एकत्र येतात आणि आपले मूळ गुणधर्म गमावतात. कोळशातील काळ्या, घनरूप कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की रंगहीन वायू तयार होतो.

पण कोणता? हवा भरपूर असेल, तर 12 ग्रॅम कार्बन 32 ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. हवा अपुरी पडली, तर तेवढ्याच कार्बनला 16 ग्रॅम ऑक्सिजन मिळतो व 28 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड बनतो. समजा, 20 ग्रॅमच ऑक्सिजन मिळाला, तर? मधलेच नवे संयुग होत नाही. या दोन वायूंचे मिश्रण मिळते. असे का, हे इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांच्या अणुसिद्धान्ताने उलगडले. 1803 च्या सुमारास त्यांनी तो मांडला. रासायनिक संयोगात अणू अर्धामुर्धा भाग घेत नाही. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडला जाईल, नाहीतर दोन, दीड नव्हे.

आता हा फरक किती मोठा, ते पाहा. कार्बन डायऑक्साइड आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजन वाहून न्यायला हिमोग्लोबिन उरत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, चक्कर येते. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. स्नानगृहातील गॅस गिझरलाही म्हणूनच मोकळी हवा हवी.

जाता जाता एक हिशोब करा. पाण्यात 2 ग्रॅम हायड्रोजनबरोबर 16 ग्रॅम ऑक्सिजन असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूत दोन्ही मूलद्रव्यांचे दोन-दोन अणू असतात. मग त्यात 2 ग्रॅम हायड्रोजनबरोबर किती ऑक्सिजन असेल? उत्तर आले, की आज रात्री घरातील खिडकी उघडी आहे ना, तेही पाहा.