थांबण्याचे धैर्य

प्रसिद्धी मिळवणे अवघड, हे आपण सगळेच जाणतो. पण मिळालेली प्रसिद्धी बाजूला ठेवून, आपल्या घरी, आपल्या गतीने काम करत राहणे त्याहून अवघड. इंग्लंडची गायिका, गीतकार आणि संगीतकार केट बुश हिने हे एकदा नव्हे, अनेकदा करून दाखवले. आमच्या सीमाभागात इंग्रजी पॉप संगीत ऐकणारा वर्ग तसा मर्यादितच. तरीही घरात गाणारे मूल असलेल्या आईवडिलांनी तिची हकिकत जरूर जाणून घ्यावी.

केटचा जन्म ३० जुलै १९५८ रोजी केंट परगण्यातील बेक्सलीहीथ येथे झाला. वडील डॉक्टर, आई मूळची आयर्लंडची, परिचारिका. दोघा थोरल्या भावांपैकी एक कवी, तर दुसरा नाना वाद्यांत रमणारा. वेलिंग येथील त्यांच्या जुन्या शेतघरात गाण्याला कधी तोटा नव्हता. शाळेत असतानाच केट पियानोवर स्वतःची गाणी रचू लागली. एका स्नेह्यामार्फत तिच्या ध्वनिफिती 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिलमोर यांच्यापर्यंत पोचल्या. त्यांनी पदरमोड करून तिची काही गाणी नीट ध्वनिमुद्रित करून घेतली आणि त्या जोरावर ईएमआय कंपनीने तिच्याशी करार केला.

पण कंपनीने तिला लगेच बाजारात उभे केले नाही. त्या काळात ती लिंडसे केम्प यांच्याकडे मूकाभिनय शिकली, नृत्य शिकली, लंडनच्या पबमध्ये छोट्या वाद्यवृंदाबरोबर गायली. मला तिच्या आयुष्यातले हे दिवस फार मोलाचे वाटतात.

१९७८ साली तिचे पहिले गाणे आले, 'वदरिंग हाइट्स'. एमिली ब्राँटेची ही कादंबरी मी वर्गात शिकवतो. केटने आधी दूरदर्शनवर तिच्या रूपांतराचा शेवट पाहिला आणि मग पुस्तक वाचले. योगायोग असा की, एमिलीचा जन्मदिवसही ३० जुलैच! कंपनीला पहिले म्हणून दुसरेच गाणे हवे होते. एकोणीस वर्षांची केट हटून बसली. गाणे ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. स्वतः लिहिलेल्या गाण्याने तो क्रमांक गाठणारी ती तिथली पहिली स्त्री ठरली.

१९७९ मध्ये तिने युरोपचा दौरा केला. गाता गाता नाचायचे, तर हातात माईक कसा धरणार? तेव्हा कपडे अडकवायच्या तारेच्या हँगरपासून डोक्यावर बसवायचा माईक तयार केला गेला. दौऱ्याच्या आरंभीच प्रकाशयोजना सांभाळणारा एकवीस वर्षांचा तरुण पडून मरण पावला. त्याच्यासाठी केटने मदतीचा कार्यक्रम केला. दौरा संपला, आणि पुढची पस्तीस वर्षे तिने पुन्हा अशी मैफलींची मालिका केली नाही.

गाणे मात्र थांबले नव्हते. १९८२ च्या 'द ड्रीमिंग' या संग्रहाची निर्मिती तिने स्वतःच केली. तो फारसा खपला नाही. तेव्हा तिने आपल्या घरच्या शेतावर स्वतःचा स्टुडिओ उभारला. तासाच्या भाड्याची टांगती तलवार गेली. तिथे घडलेला 'हाउंड्स ऑफ लव्ह' १९८५ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यातले 'रनिंग अप दॅट हिल' स्त्री-पुरुषांबद्दल आहे. देवाशी करार करून दोघांना एकमेकांच्या जागा घेता आल्या, तर गैरसमज मिटतील, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडच्या किती संसारांना हे लागू पडेल!

१९९२ मध्ये तिची आई गेली. १९९३ च्या संग्रहानंतर पुढचा आला थेट २००५ मध्ये. मधल्या काळात, १९९८ साली, तिला मुलगा झाला. वृत्तपत्रांनी ती विक्षिप्त झाली, दडून बसली, अशा वावड्या उठवल्या. ती मूल वाढवत होती. 'एरियल' या पुनरागमनाच्या संग्रहात मुलावर गाणे आहे, आईच्या आठवणींचे आहे, आणि चक्क कपडे धुण्याच्या यंत्रावरही आहे. घरकामातही काव्य असते, हे अनुभवाशिवाय कोण सांगणार?

पुढे २०१४ मध्ये लंडनला तिने बावीस कार्यक्रम केले. पुन्हा रंगमंचावर येण्याचे बळ मुलाने दिले, असे तिने आवर्जून सांगितले. तोही त्यात सहभागी होता. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत 'रनिंग अप दॅट हिल' वाजले आणि सदतीस वर्षांनी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. केट तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. ते गाणे डोक्यावर घेणाऱ्यांत तिच्या नातवंडांच्या वयाची मुले होती.

प्रत्येकाच्या घरी शेत नसते, पाठीशी गिलमोर नसतो, हे मला मान्य आहे. पण मुलाला वेळ देणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. हल्ली सात-आठ वर्षांची मुले दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत परीक्षकांपुढे रडताना दिसतात आणि आपण घरबसल्या गुण मोजतो. मुलीचा गळा गोड असेल, तर तिला पुढच्या स्पर्धेला नेण्यापूर्वी एवढेच विचारावे: बाळ, अजून थोडे शिकायचे आहे का? आणि ती 'हो' म्हणाली, तर अर्ज खुशाल बाजूला ठेवावा.